विकणे आहे, आडनाव सांगा

‘दादर, शिवाजी पार्कापासून दोन मिनिटं. वन बेडरूम-हॉल-किचन. पूर्ण रिनोव्हेटेड. नवी लादी, नवं बाथरूम, मॉड्युलर किचन. हवेशीर. सुसंस्कृत शेजार.’

मित्रांनो, असली जाहिरात तुम्ही ढिगाने वाचली असेल. लादीवर जाऊ नका. शेवटचे दोन शब्द वाचा. सुसंस्कृत शेजार. हा शेजार कुणापासून सुसंस्कृत राखलाय, ते जाहिरातीत छापत नाहीत. ते फोनवर कळतं.

किंमत कोटींत. तिथेच आपल्यातले बहुतेक गारद. पण समजा एखादा निघालाच. बँकेत ऑफिसर, बायको हायस्कुलात मास्तरीण, कर्ज मंजूर. एजंट गोड बोलतो, या ना साहेब, संध्याकाळी दाखवतो. मग हळूच, आडनाव काय म्हणालात? आडनावाने पत्ता लागला नाही तर गाव कुठलं. गावानेही लागला नाही तर खाण्यापिण्याचं कसं काय. माणसाची जात हुंगत हुंगत ताटापर्यंत येतात साले. आणि एकदा वास लागला की, सॉरी हां, ओनरचा विचार बदलला, सध्या विकत नाहीयेत. आठवड्याने तोच फ्लॅट दुसऱ्याला दाखवतात.

बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आलं. खोलीसाठी जात चोरावी लागते आणि उघडी पडली की हाडं मोडतात, हे बागुलांनी तेव्हाच सांगून टाकलं. आज हाडं मोडत नाहीत, ‘सॉरी’ म्हणतात. एवढी प्रगती.

त्याच्याही मागे जा. १९१७. बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर आलेले. डोकं टेकायला जागा नाही म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन आली. पारशीच तेवढे वाईट होते असं नाही. बाबासाहेबांच्या हिंदू मित्रानेही घरात घेतलं नाही, नोकर पळून जातील म्हणाला. मुंबईची गाडी रात्रीची. तोवर जायचं कुठे? कामाठी बागेत जाऊन बसले. बागेत बसायला हरकत नव्हती, बागेजवळ राहायला होती. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये. न वाचलेल्यांनी आधी ते वाचावं आणि मग घोषणा द्याव्यात.

आता शिवाजी पार्काचंच बघा. सहा डिसेंबरला आपली म्हातारी नांदेडहून, अकोल्याहून येते, मैदानात धुळीत झोपते, सकाळी चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहते. भोवतीच्या गॅलऱ्यांतून कुरकुर सुरू होते, घाण झाली, गर्दी झाली. याच मैदानात दसऱ्याला गर्दी होते, याच समुद्रात गणपती बुडतात. तेव्हा तिला उत्सव म्हणतात.

आणि हा रिनोव्हेटेड फ्लॅट रिनोव्हेट केला कुणी? भिंत फोडली नाक्यावरच्या कामगाराने. डेब्रिजची घमेली जिन्यावरून उतरवली त्याच्याच बाईने, कारण लिफ्ट रहिवाशांसाठी. खालची गटारं ज्यांच्या हाताने वाहती राहतात, त्या सफाई कामगारांची वसाहत दादरातच आहे, कासारवाडीत. तिथलं घर झाडूला बांधलेलं. बाप रिटायर झाला की खोली खाली करा, नाही तर पोराच्या हातात झाडू द्या. पोरगं ग्रॅज्युएट असलं तरी. दादरात राहण्याचा हा एक रस्ता आपल्याला खुला आहे, त्याला आडनाव आड येत नाही.

गंमत अजून बाकी आहे. असल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हल्ली बुद्धाचं मुंडकं ठेवतात. फायबरचं, खाली पिवळा लाईट. इंटेरिअरवाला सांगतो, शांत वाटतं. बुद्ध चालतो, बौद्ध चालत नाही.

आपल्यातल्यांनाही सोडायचं कारण नाही. जे आत शिरले त्यांच्या घरी जाऊन बघा. हॉलमध्ये सूर्यास्ताचं चित्र, बाबासाहेब बेडरूममध्ये, कपाटाच्या दाराआड. दारावरची पाटी नुसती इनिशियल्सची. पोरांना तंबी, शाळेत जयंतीचं बोलू नको. ज्या बापाने राजगृह बांधलं, हिंदू कॉलनीच्या मधोमध, स्वतःच्या नावाने, त्याला वन बीएचकेच्या कपाटामागे कोंबता?

२०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला जागा नाकारली, तेव्हा पुढाऱ्यांना मराठी माणूस आठवला. आठवू द्या, अन्याय तो अन्यायच. पण मराठी माणूस मराठी माणसालाच आडनाव विचारतो तेव्हा हे पुढारी कुठे असतात? मुंबईची गृहनिर्माण सहकारी चळवळच मुळी १९१५ साली गावदेवीत सारस्वतांच्या सोसायटीने सुरू झाली. सहकार आणि जात एकाच पाळण्यात वाढले.

कायदा? कायद्यालाही भोक आहे. २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की सभासद आपल्याच समाजाचे ठेवण्याचा नियम चालतो, तो संघटनस्वातंत्र्याचा भाग आहे. बाकीच्यांनी यातून काय धडा घेतला, ते सांगायला नको. पण दुसरी बाजूही माहीत हवी. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात कुठल्याही वस्तीत घर बांधणं, घेणं, त्यात राहणं, हे शब्द स्पष्ट आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून आडवं आलं तर महिना ते सहा महिने कैद. आणि बाराव्या कलमाप्रमाणे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध असेल तर ते अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्टाने धरून चालायचं, उलटं शाबीत करायचं ते समोरच्याने. १९९० पासून आपण बौद्धही त्या यादीत आहोत.

अडचण एकच. नकार कुणी लिहून देत नाही. अर्ज सोसायटीपर्यंत पोचतच नाही, फोनवरच मरतो. म्हणून फोनच पुरावा करावा लागेल. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीकडे भाड्याच्या घरांबाबत हेच केलं, वेगवेगळ्या आडनावांनी विचारणा करून बघितली. सवर्णांना दारं उघडली, दलितांना अर्धवट, मुसलमानांना त्याहून कमी. २०१५ मध्ये ते छापून आलं. आपल्याला विद्यापीठ लागत नाही. दोन फोन, एक वही. सकाळी कांबळेने फोन करायचा, दुपारी त्याच नंबरवर ‘जोश्यां’नी. तारीख, वेळ, एजंट काय बोलला, शब्दाला शब्द. दादर, माटुंगा, पार्ले, ठाणे, पुण्यात कोथरूड. प्रत्येक शाखेने महिनाभर आपापल्या भागातल्या जाहिराती कापून वहीत चिकटवाव्यात आणि समोर उत्तरं लिहावीत. बाया-पोरींनीही फोन करावेत, एकट्या बाईला आणखी काय विचारतात तेही नोंदलं जाईल. वह्या जमल्या की वकिलांसमोर ठेवू. पहिली वही दादरपासून, पार्काजवळच्या या वन बीएचकेपासून.