लेणी बघायला गेलो, पण बाया पायथ्याशीच का राहतात?



वस्तीतून लेणीची सहल निघते तेव्हा सगळं ठरलेलं असतं. टेम्पो, मोठं पातेलं, स्पीकर. पायथ्याशी पोचलं की पुरुष आणि पोरं वर जातात, बाया तीन दगडांची चूल मांडतात. वरची मंडळी खाली उतरते तेव्हा जेवण तयार असतं. ज्यांनी ते केलं, त्यांनी लेणी मात्र पाहिलेली नसते. औषधांची पेटी घेऊन अशा बऱ्याच सहलींना मी गेले आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाने ठरवलं की पातेलं न्यायचंच नाही. प्रत्येक घराने भाकरी-चटणी बांधून घ्यायची आणि सगळ्यांनी वर जायचं. जागा ठरली भाजे. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरायचं, तिथून गावातून चालत पायथा, मग पायऱ्या. टेम्पोचा खर्चच नाही.

पोरं कंटाळू नयेत म्हणून एक खेळ घेतला. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसची अचूकता सामान्य लोकांना खुली केली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी एक बादली लपवली, आत वही-पेन्सिल ठेवली आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. आज जगभर घरंच्या घरं मोबाईल घेऊन डोंगरात असे डबे शोधतात.

आम्ही त्यात एक बदल केला. लेणी हे संरक्षित स्मारक आहे, तिथे डबा लपवायचा नाही. तिथला खजिना आधीच कोरून ठेवलेला आहे. आम्ही फक्त चिठ्ठ्या लिहिल्या. एका जागी किती स्तूप आहेत ते मोजा: चौदा, पाच आत आणि नऊ बाहेर. त्यांच्यावर कोरलेली अक्षरं शोधा. त्यांत थेरांची नावं आहेत. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड अजून आहे, ते दाखवा. पाण्याची टाकी शोधा. प्रत्येक गटात एक आजी किंवा आई असलीच पाहिजे, नाहीतर उत्तर धरायचं नाही, हा नियम. वही आणि बक्षिसांचा डबा पायथ्याशी. नाव लिहायचं ते वहीत, दगडावर नाही.

त्या नियमामुळे बाया वर चढल्या, आणि एक गोष्ट उघडी पडली. पस्तिशीची एक ताई, चार घरची धुणीभांडी करणारी, तिसऱ्या वळणावर बसली. धाप थांबेना. "काही नाही बाई, सवय नाही," म्हणाली. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. तिला तिथूनच सावकाश खाली आणलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत हिमोग्लोबिन निघालं 7.4. म्हणजे तीव्र रक्तक्षय. घरात तिला सगळे "आळशी झाली" म्हणत होते.

देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के महिलांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (2019-21) सांगते. चुलीपाशी बसलेल्या बाईची धाप कुणाला दिसत नाही. चढावर ती दिसते.

काही भगिनी विचारतात, "दिवसभर राबतोच की, वेगळं चालायचं कशाला?" प्रश्न खरा आहे. पण वाकून फरशी पुसताना कंबर झिजते आणि मन मालकिणीच्या घड्याळावर असतं. आपल्या मर्जीने, आपल्या लेकरांसोबत चालणं हे वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं आणि मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते. मोबाईलवर मान घालून बसणाऱ्या पोरांना हाच मोबाईल डोंगरावर नेऊ शकतो. आणि ट्रेकिंग ही पैसेवाल्यांची हौस, हे आपण का मानायचं? बुद्ध 45 वर्षं पायी चालत धम्म सांगत होते. ते डोंगर, ती लेणी आपली आहेत.

जाताना एवढं पाळा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, हिवाळ्यात सकाळी लवकर जा. माणशी दीड-दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं घ्या. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. ज्यांना आहे त्यांनी उपाशी चढू नये, खिशात साखर किंवा बिस्किटं ठेवावीत. छातीत दुखलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबा, खाली या आणि थेट दवाखाना गाठा. मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ धूर, फटाके, आरडाओरडा नको.

ती ताई लोहाच्या गोळ्या घेते आहे. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. जेवणाबरोबर चहा बंद केला, पालेभाजीवर लिंबू पिळते. ती मला म्हणाली, "अजून तीन वळणं राहिलीत माझी."

माझी विहारांच्या कमिट्यांना एकच विनंती. पुढची सहल काढाल तेव्हा पातेलं घरी ठेवा. आधी महिलांचं रक्त तपासून घ्या. मग सगळे मिळून वर जा.

जय भीम, नमो बुद्धाय.