नळी सोडवण्याआधी पाना बघा

शेताच्या राखणीसाठी परवाना घेतलेले शेतकरी .३१५ बोअरची रायफल घेऊन आमच्या दुकानात येतात. कोकणातली असेल तर नळी आतून गंजाने खाल्लेली असते. "मिस्त्री, तेवढी नळी सोडवून द्या," एवढंच म्हणणं. पण कितीदा तरी आमच्याआधी कुणीतरी हात घातलेला असतो. नळीवर पाइप पान्याचे दात उमटलेले, बॉडी बेंच व्हाइसमध्ये धरून चेपलेली. हे काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातून झालेलं असतं, याचा मला संताप येतो.

नळी ॲक्शनमध्ये, म्हणजे बॉडीत, आट्यांवर घट्ट बसवलेली असते. ती सोडवायला दोन अवजारं लागतात: नळी धरणारा बॅरल व्हाइस आणि ॲक्शन फिरवणारा पाना. बाजारात गेलं की आमचे कारागीर दांडा किती लांब आहे ते बघतात. दांडा काय, वर लोखंडी पाइप चढवला की लांब होतो. बघायचं ते हे की पाना बॉडीला कुठे धरतो आणि किती जागेत धरतो. नळी खराब झाली तर दुसरी बसवता येते. परवान्यावर चढलेला नंबर मात्र बॉडीवर असतो; ती पिळली गेली की शेतकऱ्याची रायफलच गेली.

.३१५ ची ॲक्शन जुन्या ली-एनफिल्डची. तिच्या बोल्टचे खटके मागच्या बाजूला अडकतात, बॉडी लांब आणि बाजूंना पातळ. नळीचे आटे मात्र अगदी पुढच्या कड्यात. मागून आत दांडा घालून फिरवलं तर आटे सुटायच्या आधी बॉडीच पिळते, आणि मग बोल्ट सरळ चालत नाही. म्हणून हिच्यासाठी पुढच्या कड्यालाच बाहेरून, त्याच्या आकाराबरहुकूम कवटाळणारा पाना हवा. माउझर ९८ चा तळ सपाट, तिथे खालचा जबडाही सपाट लागतो. रेमिंग्टन ७०० गोल, तिच्या पान्याचे दोन्ही जबडे गोलाईचे. सॅव्हेजच्या अनेक रायफलींत नळीला वेगळा नट असतो, तिथे नटाचाच पाना लागतो. 'सगळ्याला चालणारा' म्हणून विकला जाणारा पाना कशालाच नीट बसत नाही. त्यावर पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे.

योग्य पाना असूनही नळी हलत नाही, असंही होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एडीस्टोनच्या कारखान्यात बनलेल्या एम १९१७ रायफली यासाठी बदनाम आहेत. त्यांच्या नळ्या इतक्या आवळलेल्या असतात की जोर लावून काढताना रिसीव्हरच्या, म्हणजे बॉडीच्या, कड्याला तडा जातो. तिथले जाणते कारागीर नळी टाकायचीच असेल तर ती लेथवर लावतात आणि रिसीव्हरच्या तोंडाशी नळीत बारीक चर घेतात. नळीच्या खांद्याचा ताण सुटतो आणि नळी सहज फिरते. आपल्याकडे अशा वेळी गॅसची ज्योत लावतात. तिने रिसीव्हरचं पाणी उतरतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. आधी आट्यांत झिरपणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, नाही जमलं तर लेथ.

बॅरल व्हाइसची गोष्ट सोपी. नळीच्या जाडीचं ॲल्युमिनियमचं किंवा कठीण लाकडाचं बुशिंग घ्यावं, आत राळेची पूड भुरभुरावी आणि व्हाइसचे बोल्ट सारखे आवळावेत. ॲक्शनच्या जितकं जवळ धराल तितकं चांगलं. बुशिंगच्या आत तेलाचं बोट लागलं तर नळी घसरते आणि तिच्यावर गोल ओरखडा पडतो, म्हणून आधी पुसून घ्यायचं. दांड्याला हिसका दिला की कटकन आवाज होतो आणि पुढचं हाताने सुटतं.

शेवटचं अवजार लोक विसरतात: हेडस्पेसचे, म्हणजे मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा मोजणारे, गेज. .३१५ चं काडतूस मागच्या रिमवर टेकतं. नवी नळी बसल्यावर बोल्ट 'गो' गेजवर मिटला पाहिजे आणि 'नो-गो'वर मिटता कामा नये. ज्याच्याकडे गेज नाहीत त्याने नळीला हातच लावू नये. पुढे त्या बोल्टमागे शेतकऱ्याचा गाल असतो.

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. पण मी पाहिलेल्या तपासण्यांत रजिस्टर आणि साठा बघतात, अवजारं कुणी बघत नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझं सांगणं, नूतनीकरणावेळी दुकानदाराला विचारा: कोणत्या ॲक्शनचे पाने आहेत, कोणत्या काडतुसाचे गेज आहेत? ज्याची अवजारं नाहीत ते काम त्याला करू देऊ नका. हा नियम येईल तेव्हा येईल. तोवर, शेतकरी दादा, रायफल दुकानात ठेवण्याआधी तिचा पाना आणि गेज दाखवायला सांगा, आणि नसतील तर रायफल उचलून परत न्या.