जुना संगणक भंगारात कशाला?

‘नवशिक्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटत नाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आमच्या जालना जिल्ह्यातल्या अंबड-भोकरदनमधला एखादा धडधाकट जुना संगणक केवळ नियमामुळे बाद ठरतो. लिनक्सची ‘मिंट’ ही आवृत्ती मात्र चार जीबी रॅमवर व्यवस्थित चालते. सातबारा पाहणे, ऑनलाइन अर्ज भरणे ही कामे ब्राउझरमध्येच होतात. तिथे प्रणाली कोणती, याने फारसा फरक पडत नाही. युनिकोड मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही लिनक्समध्ये असतो.

‘हे तज्ज्ञांचे काम’ हा आक्षेप केरळने केव्हाच खोडला आहे. तिथल्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीवरच शिकतात. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि डीटीपीवाल्यांची जुनी मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअर मुळात विंडोजसाठीच बनलेली आहेत. म्हणून मोंढ्यातल्या अडत दुकानाचा हिशेबाचा संगणक बदलू नये, एवढेच त्यातून सिद्ध होते. विद्यार्थ्याचा किंवा घरचा बदलू नये, असे नव्हे. शिवाय पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, हार्डडिस्कला हात न लावता, प्रिंटर आणि वायफाय चालतात का ते तपासता येते. आधी माहितीची प्रत काढावी, मग पारखावे आणि पटले तरच बसवावे. न पारखताच नकार देण्यात शहाणपण कसले?

— एक वाचक, जालना