एवन आजारी पडतो तेव्हा

'स्काम' ही नॉर्वेजियन मालिका मी उलट्या क्रमाने पाहिली. आधी २०१७ चा चौथा सीझन, कारण त्याची नायिका सना हिजाब घालते, नमाज पढते आणि कुणाचं ऐकून घेत नाही. आपल्यापैकी अनेकींची या मालिकेशी ओळख इमान मेस्किनीने साकारलेल्या सनामुळेच झाली असेल. मग मागे जाऊन २०१६ चा तिसरा सीझन लावला आणि तिथेच अडकले.

तो इसाक आणि एवन या दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाचा आहे. तेवढ्यासाठी कुणी तो टाळला असेल, तर पुन्हा विचार करा. एवनला बायपोलर आजार आहे आणि हे आपल्याला फार उशिरा कळतं. ही भूमिका करणारा हेन्रिक होल्म तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याने आधी उभा केला तो चीज टोस्टवर वेलची टाकणारा, हसवणारा, मध्येच न सांगता नाहीसा होणारा एक मुलगा. आजार नंतर येतो. हॉटेलातल्या त्या रात्री त्याचे बेत मोठे मोठे होत जातात आणि तो अंगावर कपडे नसताना रस्त्यावर निघून जातो. तेव्हा आधीचे प्रसंग मनात पुन्हा उलगडून पाहावे लागतात. उन्माद ओसरल्यावर तो नुसता अंथरुणात पडून राहतो. रडारड नाही, आक्रोश नाही. मला तोच अभिनय सर्वांत खरा वाटला.

त्याआधी एक वाक्य येऊन गेलेलं असतं. इसाकची आई मनाने आजारी आहे. तो एवनला सहज सांगून टाकतो की अशी माणसं आसपास नसली की आयुष्य बरं जातं. समोरचाच आजारी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. एवन वाद घालत नाही, तो दूर होतो.

हे वाक्य मी आमच्या घरात बोलले आहे. ईदच्या दस्तरख्वानवर, मोहल्ल्यातल्या कुणाबद्दल तरी, सगळे हसले म्हणून. खालाचा मुलगा समोर शीरखुर्मा वाढत होता. त्याच्या गोळ्या सुरू होऊन तेव्हा चार महिने झाले होते. खालाने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या बहिणीचा रिश्ता यायचा होता. त्यानंतर दोन वर्षं तो आमच्याकडे आला नाही. कारण मला नंतर खालाकडूनच कळलं.

मालिकेत इसाकला सावरतो तो त्याचा मित्र माग्नुस. माझ्या आईलाही बायपोलर आहे, असं तो पोरकटपणे, जराही न लाजता सांगतो. मग इसाक एवनजवळ राहतो आणि दोघं एकेक मिनिट पुढे सरकायचं ठरवतात. माझी तक्रार इथेच आहे. या सगळ्यात डॉक्टर आणि औषधं जवळजवळ दिसतच नाहीत. प्रेमाने सोबत होते, उपचार होत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आपल्या देशात बायपोलर असलेल्या दहांपैकी सात जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. दर्गाहवर हाजिरीला नेणाऱ्या आईवर मी हसणार नाही, तिला दुसरा रस्ता कुणी दाखवलेला नसतो. पण १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर तिच्या मुलाच्या फोनमध्ये असायला हवा. तो फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

रमजान जवळ आला की भाऊ अस्वस्थ होतो. तो लिथियम घेतो. अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं, त्यात सहरीमुळे झोप मोडते आणि झोप मोडली की आजार उसळतो. आजारी माणसाला रोज्यातून सूट कुरआननेच दिली आहे. मधुमेहाच्या अब्बांना आपण ती बिनबोभाट देतो. या तरुण मुलाला मात्र घरातलेच विचारतात, "तुला काय झालंय? धडधाकट तर दिसतोस." मग तो गोळ्याच बंद करण्याचा विचार करतो.

गेल्या रमजानमध्ये मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रोजे नको म्हणून सांगितलं. परत येताना त्याने विचारलं, "आपा, दुपारी तुमच्याकडे जेवायला आलो तर चालेल? घरी सगळे बघतात."

महिनाभर तो येत होता. दार आम्ही उघडंच ठेवायचो.