मायेचे माप

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ आहे: आश्रित प्राण्यास उपाशी ठेवणे हा दोष. परंतु घरातील प्रत्येकाने लाडाने भरवून कुत्र्यास स्थूल करणे, हीही पीडाच; तो भार त्याच्या सांध्यांना सोसावा लागतो.

त्याचे आर्जवी डोळे हे भुकेचे माप नव्हे. माप हाताने घ्यावे. बरगड्यांवरून तळहात फिरवावा. त्या न दाबता जाणवाव्यात, पण उठून दिसू नयेत. वरून पाहता कंबर आत वळलेली असावी. बरगड्या लागेनाशा झाल्यास अन्न थोडे कमी करावे, उठून दिसू लागल्यास वाढवावे.

दिवसाचे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढावे. घरातील प्रत्येकाने त्यातूनच द्यावे. शिऱ्यातील बेदाणे मात्र मुळीच नकोत. ते त्यास विषारी ठरू शकतात.

दुकानात तराजू सांभाळणाऱ्या हाताने घरच्या मुक्या जीवाचे मापही सांभाळावे.