गुडघ्याची झीज डीच्या पुडीने थांबत नाही

संपादक महोदय,


आपल्या आरोग्य पुरवणीतील गुडघेदुखीवरच्या लेखात ‘डी जीवनसत्त्व नियमित घेतल्यास सांध्यांची झीज थांबते’ असे ठामपणे लिहिले आहे. हे खरे नाही. असे वाक्य वाचून लोक थेट औषधाच्या दुकानात जातात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी सातारा जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे धरून येणाऱ्या साठीपुढच्या कितीतरी बायका ६० हजार युनिटच्या पुड्या दुधातून घेत असतात. कुणी आठवड्याला एक, कुणी मनाला येईल तेव्हा. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मात्र त्यांना कुणी करून दाखवलेला नसतो.

हा समज अगदीच निराधार नव्हता. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या रहिवाशांवरील १९९६ सालच्या अभ्यासात, ज्यांच्या शरीरात डी कमी होते त्यांच्या गुडघ्यांची झीज वाढण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. गुडघा दुखणारा माणूस घराबाहेर कमी पडतो, उन्हात कमी जातो, म्हणून त्याचे डी कमी होते. वजन जास्त असले तरी रक्तातली पातळी कमी भरते, आणि जास्त वजन तर गुडघ्याचा उघड शत्रू. तेव्हा कमी झालेले डी हे झिजेचे कारण की दुखण्यामागून आलेला परिणाम, हे ठरवायला प्रत्यक्ष औषध देऊन पाहणे हाच मार्ग होता.

तसे पाहिले गेले, तेही अनेकदा. ऑस्ट्रेलियातली २०१६ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे गुडघा दुखणारे आणि डी कमी असलेले असेच ४१३ रुग्ण निवडले होते. निम्म्यांना दरमहा ५० हजार युनिट, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. दोन वर्षांनी एमआरआय काढून कूर्चा मोजली, वेदनाही मोजल्या. रक्तातले डी वाढले होते, पण कूर्चेत किंवा वेदनेत दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. त्याखेरीज बोस्टनमध्ये दोन वर्षे आणि ब्रिटनमध्ये तीन वर्षे रोज डी देऊनही झीज थांबली नव्हती. अमेरिकेतील संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी डी देऊ नये, असाच सल्ला दिला आहे.

‘ते परदेशातले, आपल्याकडे कमतरता फार’ असे काही डॉक्टर म्हणतात. मुद्दा योग्य आहे. लखनौमध्ये १०७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमतरता असलेल्यांना वर्षभर डी दिल्यावर वेदना थोड्या कमी झाल्या. तो निष्कर्ष मी बाजूला सारत नाही. पण रुग्ण थोडे, काळ एक वर्षाचा आणि आराम लहानसा. त्यावरून ‘कमतरता असेल तर ती भरून काढावी’ इतकेच म्हणता येते. झीज थांबते असे त्यातून निघत नाही.

कमतरता भरून काढायलाच हवी, याबद्दल माझा वाद नाही. डी फारच कमी झाले की हाडे मऊ पडतात, नडगी दाबली की दुखते, जिना चढताना आणि जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. अशा बाईच्या दुखण्यावर ‘गुडघे झिजले’ असा शिक्का बसतो, मूळ आजार राहून जातो, आणि योग्य उपचार मिळाले तर ती खरोखर बरी होते. म्हणून अशी लक्षणे असतील तर रक्त तपासा, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक आठवडे औषध घ्या. ज्यांना डॉक्टरांनी ते दिले आहे त्यांनी माझे पत्र वाचून बंद करू नये.

माझा आक्षेप आहे तो तपासणीविना, वर्षानुवर्षे, शेजारणीचे पाहून घेतल्या जाणाऱ्या पुडीला. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ६०० युनिट, आणि एका पुडीत ६० हजार. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते. अतिरेक झाला की रक्तात कॅल्शियम वाढते, मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान लागते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ऑस्ट्रेलियातच सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिट घेणाऱ्या स्त्रिया कमी पडायच्या ऐवजी जास्त पडल्या, त्यांची हाडेही जास्त मोडली. आपल्याकडे सहा लाख युनिटचे इंजेक्शन सहज टोचले जाते.

आणि खरोखर उपयोगी पडते ते मागे राहते. त्याच फ्रॅमिंगहॅममध्ये ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत पाचेक किलोने घटले, त्यांच्यात दुखऱ्या गुडघ्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, सपाट रस्त्यावर चालणे, यांना पैसे लागत नाहीत. आठवड्याभरात गुण येत नाही, दोन-तीन महिने चिकाटी लागते, आणि पहिल्या दिवसांत थोडे दुखतेसुद्धा. हे समोर बसून समजावून सांगावे लागते. चिठ्ठीवर पुडी लिहायला तेवढा वेळ लागत नाही.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. गावोगावी गुडघेदुखीची मोफत शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी आणि नगरपालिकांनी औषधवाटपाच्या टेबलाशेजारी एक फिजिओथेरपिस्ट बसवावा आणि प्रत्येक रुग्णाकडून व्यायाम तिथेच करून घ्यावा. आणि आपण त्या लेखातील विधानाची दुरुस्ती पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा