गिऱ्हाइकांस बारमाही पत्र

आंब्याची शेवटची पेटी गाडींत चढली कीं गिऱ्हाइकाचा व आपला संबंध पुढील फाल्गुनापर्यंत सुटला, अशी आपल्या कोंकणांतील बहुतेक बागाईतदार बंधूंची समजूत दिसते. इ. स. २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांस बाजार समितीच्या नियमनांतून मोकळें केलें. तेव्हांपासून पुण्यामुंबईचे फळविक्रेते, मिठाईवाले व उपाहारगृहांचे चालक यांस थेट माल देणारे जे आहेत, त्यांच्यापुरता दलाल मधून गेला; पण दलालापाशीं असलेली एक वस्तु त्यांनीं उचलली नाहीं. ती म्हणजे गिऱ्हाइकाची बारमाही ओळख.

दर महिन्यास ई-मेलनें एक लहानसें वार्तापत्र धाडणें हा यावर उपाय आहे, असें माझें मत आहे. 'व्हॉट्सअ‍ॅपवर कळवितोंच कीं,' असें कोणी म्हणेल. घरगुती गिऱ्हाइकास तें पुरे. परंतु दुकानदाराच्या फोनवर शंभर ठिकाणचे निरोप येतात व आपला निरोप सायंकाळच्या आंत दडपला जातो. ई-मेल हें त्याचें दप्तर. मागणी नोंदवितांना आपलें नांव शोधलें कीं मागील पत्र तेथें निघतें.

पत्रांत काय लिहावें? येथेंच आपण चुकतों. ज्यांत केवळ भाव व स्वतःची स्तुति आहे, तें पत्र दुसऱ्या खेपेस कोणी उघडीत नाहीं. विकण्यास कांहींच नसतें अशा महिन्यांचें पत्र मला अधिक मोलाचें वाटतें. पालवी किती आली, मोहोर कधीं फुटला, तुडतुड्यांचा व फुलकिड्यांचा उपद्रव किती, हें साध्या शब्दांत लिहावें. मोहोरापासून फळ तयार होण्यास सुमारें चार महिने लागतात. म्हणून डिसेंबरांतला मोहोर गळाला तर एप्रिलांत माल कमी, हें आपणांस जानेवारींतच ठाऊक असतें. तें त्याच वेळीं कळवावें. वाईट बातमी दडवून मार्चांत आगाऊ रक्कम घ्यावयाची व एप्रिलांत पेट्या कमी धाडावयाच्या, हा प्रकार मीं स्वतः एकदां केला आहे. त्या उपाहारगृहवाल्यानें पुढील सालीं माझा फोनही घेतला नाहीं, आणि त्यांत त्याचा दोष नव्हता. आमरसाच्या थाळीची जाहिरात त्यानें माझ्या शब्दावर केली होती.

यादीविषयीं थोडें. ज्यानें आपण होऊन पत्ता दिला त्यासच पत्र जावें. विकत मिळणाऱ्या याद्या वर्ज्य. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो अधिनियम संसदेनें २०२३ सालीं केला, त्याचेंही तत्त्व हेंच, कीं संमति स्पष्ट असावी व ती परत घेणें देण्याइतकेंच सोपें असावें. जीमेलनें तर दिवसास ५,००० हून अधिक पत्रें धाडणारांस, जाहिरातीचें पत्र एका टिचकींत बंद करण्याची सोय २०२४ सालापासून सक्तीची केली. आपली यादी साठ-सत्तरांची. तरी 'पत्र नको असल्यास कळवावें' ही ओळ तळाशीं हवीच. शिवाय सर्वांचे पत्ते उघड्या रकान्यांत न घालतां बी. सी. सी. च्या रकान्यांत घालावे. नाहीं तर आपलीं गिऱ्हाइकें कोण, हें एकमेकांस व त्यांच्या मार्फत आपल्या प्रतिस्पर्ध्यासही कळतें.

कित्येक सभासद म्हणतात कीं, संघानेंच सर्वांच्या वतीनें एक पत्र काढावें. यास माझा विरोध आहे. यादी कशी ठेवावी हें संघानें खुशाल शिकवावें. लिहिणें मात्र ज्याची बाग त्यानें. समुद्रालगतच्या बागेंत व आंतील डोंगरावरच्या बागेंत मोहोर एकाच वेळीं फुटत नाहीं. दोहोंचें मिळून एकच वर्तमान छापलें, तर कोणाचा माल कोणत्या आठवड्यांत मिळेल हें गिऱ्हाइकास कळणार कसें?